गंजलेली मॉरिस आणि दाराखालचा उंबरठा

वडोदऱ्याच्या कारेलीबागेतून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या वडिलांनी १९६८ मध्ये कोणाकडून तरी जुनी घेतलेली, १९५१ सालची उघड्या टपाची मॉरिस मायनर गेली बावीस वर्षे घरामागच्या शेडमध्ये उभी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा पाणी तिच्या बैठकीपर्यंत चढले आणि दोन दिवस ओसरले नाही. आता तळाच्या पत्र्याला हात जाईल एवढी भोके पडली आहेत, दाराखालचा पत्रा बोटाने सोलला तरी पापुद्र्यांसारखा सुटतो, आणि चालकाच्या बाजूचे दार उचलून धरल्याशिवाय लागत नाही. वडिलांचे सहस्रचंद्रदर्शन येत्या मार्गशीर्षात आहे आणि त्या दिवशी त्यांना याच गाडीतून सूरसागर तलावाला एक फेरी मारून आणावी, अशी लेकीची इच्छा आहे. गाड्यांचा पत्रा दुरुस्त करणाऱ्या एका डेंटरने चार महिन्यांत, एक लाख ऐंशी हजार रुपये ठोक घेऊन, तळावर सोळा गेजचा पत्रा जोडून, वरून लांबी (पुटी) भरून आणि रंग मारून गाडी उभी करण्याचे कबूल केले आहे. पुण्यात राहणारे बंधू म्हणतात की भंगारात द्यावी. गाडी वाचेल का, डेंटरचे ऐकावे का आणि एवढे केल्यावर आरटीओत अडचण येईल का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

ताई, आपण पाठवलेली अठरा छायाचित्रे मी मोठी करून पुन्हा पुन्हा पाहिली. गाडी वाचेल, असे मला वाटते. पण डेंटरने सांगितलेल्या पद्धतीने ती वाचणार नाही, आणि मार्गशीर्षापर्यंत तर ती रस्त्यावर येऊच नये. आपल्याला हे ऐकून वाईट वाटेल याची मला जाणीव आहे, म्हणून कारण सविस्तर सांगतो.

आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य भोकांबद्दलचे नाही, दाराबद्दलचे आहे. मॉरिस मायनरला ट्रक किंवा जीपसारखी वेगळी, पूर्ण लांबीची लोखंडी चासी नसते. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा असतो. बंद टपाच्या गाडीत छत, खांब आणि तळ मिळून एक पेटी तयार होते आणि भार त्या सगळ्यांत वाटला जातो. उघड्या टपाच्या गाडीत छतच नसल्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचे जवळजवळ सगळे काम दाराखालच्या उंबरठ्याला करावे लागते. गॅरेजमध्ये त्याला सिल म्हणतात, पण मला आपला शब्दच जास्त नेमका वाटतो. हा उंबरठा म्हणजे बाहेरून दिसणारा एकच पत्रा नव्हे. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि खालून त्यांना बंद करणारा पत्रा मिळून एक पोकळ, लांबट पेटी बनते, आणि उघड्या टपाच्या मायनरमध्ये कारखान्यानेच ती जास्तीचे पत्रे देऊन बळकट केलेली होती. अखंड बांबू पोकळ असूनही माणसाचा भार पेलतो, पण तोच उभा चिरला की त्याच्या कांबी हाताने वाकतात. आपल्या गाडीचा उंबरठा आज उभ्या चिरलेल्या बांबूसारखा झालेला आहे. त्याच्यावर सोळा गेजचा, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीचा सपाट पत्रा कितीही घट्ट झाळला (वेल्ड केला), तरी पेटीचा आकार परत मिळत नाही, आणि बळ जाडीपेक्षा आकारातच अधिक असते.

डेंटर म्हणतात की दाराची बिजागरी झिजली आहे. ते खरे असू शकते, म्हणून आधी तीच शंका फेडून घ्या. दार अर्धे उघडून त्याच्या मागच्या कडेला धरून वर-खाली हलवा. खडखड जाणवली आणि दाराच्या पुढच्या कडेची, बिजागरीकडची फट वरच्या बाजूला रुंदावलेली दिसली, तर बिजागरीची पिन झिजलेली आहे आणि ते काम किरकोळ आहे. मात्र दार घट्ट असेल, पुढची फट सारखी असेल आणि मागच्या कडेची फट खाली रुंद व वर अरुंद असेल, तर गाडी मधोमध खचलेली आहे आणि दाराच्या दोन बाजूंचे खांब वरच्या टोकाला एकमेकांकडे झुकले आहेत. याची खात्री करण्याचा आणखी एक सोपा मार्ग आहे. गाडी चाकांवर उभी असताना मागच्या फटीची वरची आणि खालची रुंदी मोजून लिहून ठेवा, मग दोन मोठ्या माणसांना पुढच्या बैठकीवर बसवा आणि पुन्हा मोजा. बसण्याआधी बैठकीखालचा तळ आपल्या वजनाने खाली जाणार नाही ना, हे पाहून घ्या. तो फारच कुजला असेल तर दोन भक्कम फळ्या आडव्या टाका. माणसे बसल्यावर फट डोळ्याला दिसेल इतकी बदलली, तर बॉडी भाराखाली वाकते आहे, आणि अशा गाडीतून ऐंशी पार केलेल्या वडिलांना सूरसागरापर्यंत न्यावे असे मी कोणत्याही परिस्थितीत म्हणणार नाही.

याच गाडीची एक जुनी हकिकत येथे आठवते. ॲलेक इसिगोनिस यांनी मॉरिस मायनर आखली तेव्हा नमुन्याची गाडी त्यांना अरुंद वाटली, म्हणून १९४७ मध्ये त्यांनी ती लांबीच्या दिशेने मधोमध कापून घेतली, दोन भाग हळूहळू दूर सरकवून पाहिले आणि शेवटी मध्ये चार इंचांची भर घातली. मायनरच्या बॉनेटवर मधोमध जी उभी सपाट पट्टी दिसते, ती त्या चार इंचांची खूण आहे. म्हणजे या गाडीचे रूप ठरले तेच मुळी करवतीने. पण तेथे योग्य माप सापडल्यावरच मधली भर घातली गेली.

मी ही चूक स्वतः केलेली आहे. मकरपुऱ्याच्या एका टूलरूममध्ये नोकरीला असताना एका स्नेह्याची उघड्या टपाची गाडी आम्ही सुटीच्या दिवशी दुरुस्त करायला घेतली. पुढे आणि मागे जॅक लावून आम्ही एकाच दिवशी दोन्ही बाजूंचे गंजलेले उंबरठे कापून काढले, मध्ये आधार कोणताच दिला नाही. नवे उंबरठे सुंदर वळवले, सुंदर झाळले, आणि दारे बसवायला गेलो तर एकही दार चौकटीत बसेना. कापल्याबरोबर गाडी मध्ये बसली होती आणि आम्ही तिला त्याच वाकड्या आकारात कायमचे झाळून टाकले होते. सगळे पुन्हा कापावे लागले. सात महिने गेले आणि त्या स्नेह्याचा माझ्यावरचा विश्वासही बराच गेला. तेव्हापासून उघड्या टपाच्या गाडीला करवत लावण्यापूर्वी मी आधी तिला बांधून घेतो.

बांधायचे कसे, ते डेंटरला दाखवता यावे म्हणून नीट लिहितो. गाडी सपाट, काँक्रीटच्या जमिनीवर घ्यावी. तिचे वजन चाकांवर किंवा चाकांच्या अगदी जवळ ठेवलेल्या लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) असावे, म्हणजे भार नेहमीच्या वाटेने जमिनीत उतरेल. खचलेला मधला भाग क्रॉस मेंबरखाली, म्हणजे तळाखालच्या आडव्या तुळईखाली, लाकडी ओंडका ठेवून जॅकने अगदी हळूहळू, दाराच्या फटी पाहत पाहत, मूळ जागी उचलावा. गंजलेल्या पत्र्यात जॅक शिरू लागला तर तेथेच थांबावे आणि टेकू द्यायला भक्कम जागा आधी तयार करावी. दोन्ही दारांच्या फटी वर-खाली सारख्या झाल्या की एक इंची चौकोनी पाइप घेऊन प्रत्येक दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत फुलीच्या आकारात झाळावा, आणि आणखी एक पाइप गाडीच्या आडव्या दिशेने दोन मागच्या खांबांमध्ये टाकावा. पाइप अशा ठिकाणी जोडावेत की बाहेरून दार लावून पाहता येईल. मग ओळंबा सोडून चार-सहा ठरलेले बिंदू जमिनीवर खडूने उतरवावेत, त्यांचे कर्ण मोजावेत आणि ते आकडे भिंतीवर रंगाने लिहून ठेवावेत, कारण कागद हरवतो. एवढे झाल्यावर एकाच बाजूचा उंबरठा कापावा. तो नवा बसवून, टाके मारून, दार लावून पाहून, कर्ण पुन्हा मोजून मगच पूर्ण झाळावा. दुसऱ्या बाजूला त्यानंतरच हात लावावा.

झाळकामाबद्दल डेंटरशी तीन गोष्टी आधीच ठरवून घ्या. पहिली म्हणजे गंजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चढवायचा नाही. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी ओढले जाते आणि तेथून बाहेर पडत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो सांधे आतून फुगवतो आणि टाके तोडतो. ताजा, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापत जावे आणि नवा तुकडा कडेला कड लावून बसवावा. दुसरी म्हणजे सीओटू वेल्डिंगच वापरावे, आणि तेही सलग रेघ न ओढता एक टाका येथे, दुसरा वीतभर दूर, असे थंड होऊ देत मारावेत. गॅसच्या ज्योतीने पातळ पत्र्याला लाटा येतात. तिसरी म्हणजे पेट्रोलची टाकी गाडीतून काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला न्यावी, बॅटरी काढावी, आणि टाकीला भोक असले तरी ती कोणाला झाळू देऊ नये. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते. तळासाठी वीस गेजचा आणि भार पेलणाऱ्या भागांसाठी अठरा किंवा सोळा गेजचा सीआरसी (थंड लाटलेला) पत्रा पुरतो. मायनरचे उंबरठे, तळाचे पत्रे आणि क्रॉस मेंबरची टोके आजही ब्रिटनमध्ये नवीन बनतात आणि मागवता येतात. ते महाग वाटले तर आपल्याकडे मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) बेंडिंग मशीनवर साधे आकार वळवून मिळतात. मात्र कापलेला जुना तुकडा नमुना म्हणून जपून ठेवावा.

त्या डेंटरला आपण नाकारावे असे मी म्हणत नाही. हातोडी आणि ऐरणीवर पत्रा चढवणारी माणसे आता या शहरात कमी उरली आहेत, आणि आपण पाठवलेल्या एका छायाचित्रात त्यांनी दुसऱ्या गाडीचा मडगार्ड किती बारकाईने घडवला आहे ते मला दिसले. त्यांचा हात चांगला आहे. ठोक रकमेचा आणि तारखेचा करार मात्र चुकीचा आहे. ठोक रकमेत काम घेतलेला माणूस आतला गंज शोधत बसत नाही, कारण जितका सापडेल तितके त्याचेच नुकसान. बांधणी, उंबरठे, तळ, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगची बैठक, असे टप्पे पाडा, प्रत्येक टप्प्याची मजुरी वेगळी ठरवा, आणि रंगाची बोलणी आत्ता करूच नका.

पुराच्या गाळाकडे पत्रात आपण फारसे लक्ष दिलेले नाही, पण मला त्याची काळजी वाटते. विश्वामित्रीचा बारीक गाळ उंबरठ्यांच्या पोकळीत, क्रॉस मेंबरमध्ये आणि खांबांच्या बुडाशी बसलेला असणार, आणि तो दर पावसाळ्यात ओल धरतो. पाणी निचरण्याची छिद्रे तारेने मोकळी करून, कमी दाबाच्या पाइपने आतून स्वच्छ पाणी वाहेपर्यंत धुवा आणि मग भरपूर हवा लागू द्या. सध्या श्रावण चालू आहे, त्यामुळे उघडा केलेला पत्रा रात्रभरात तांबूस होतो. म्हणून या दिवसांत फक्त गाळ काढणे, मोजणे, बांधणे आणि सुटे भाग काढणे एवढेच करावे. पत्रा साफ करून इपॉक्सी प्रायमर मारण्याचे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करावे. लांबी भरायची ती त्या प्रायमरवर, उघड्या पत्र्यावर नाही, कारण लांबी ओल शोषते आणि ती खाली पत्र्याला देते. तळाला डांबरी अंडरकोटिंग मारून देतो असे कोणी म्हणाले, तर खालचा गंज पूर्ण निघाल्याशिवाय होकार देऊ नका.

सँडब्लास्टिंगबद्दल, म्हणजे वाळूचा मारा करून गंज काढण्याबद्दल, दोन शब्द. जाड भागांना ते उत्तम आहे, पण बॉनेट, दारे आणि मडगार्ड यांसारखे पातळ पत्रे वाळूच्या माऱ्याने ताणले जाऊन वाकडे होतात. शिवाय सिलिकायुक्त वाळूची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. खंभातच्या अकीक दगड घासणाऱ्या कारागिरांमध्ये सिलिकोसिसने किती घरे उद्ध्वस्त झाली हे आपल्या भागात वेगळे सांगायला नको. ज्या कारखान्यात बंद खोली आणि हवेचा मुखवटा नाही, तेथे काम देऊ नका; आपली गाडी साफ होताना दुसऱ्या कोणाचा श्वास कोंडू नये.

लहान भागांसाठी मात्र घरच्या घरी करता येईल असा एक उपाय आहे. एक भाग उसाची काकवी किंवा कारखान्यातली मळी आणि नऊ-दहा भाग पाणी अशा मिश्रणात बिजागऱ्या, कंस, हुडाच्या सांगाड्याचे लोखंडी दांडे एक ते दोन आठवडे बुडवून ठेवावेत. ती गंज धरून विरघळवते आणि चांगले लोखंड जवळजवळ तसेच राहते. ॲल्युमिनियमचे भाग त्यात घालू नयेत, आणि वासाचा विचार करून पिंप शेजाऱ्यांपासून दूर ठेवावे. आपल्या वडिलांना हे काम देता येईल. बसल्याजागी करण्यासारखे आहे, आणि कोणता कंस कुठला हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसणार.

आता आरटीओचे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदवण्याची सोय झाली. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, ती दहा वर्षांसाठी, पुढच्या नूतनीकरणाला पाच हजार रुपये, आणि क्रमांकाच्या पाटीवर व्हीए ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांसाठीच ती चालवता येते. यातली आपल्या दृष्टीने महत्त्वाची अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणून कोणी दुसऱ्या मायनरची अख्खी बॉडी आणून बसवू म्हणाले, तर ते स्वीकारू नका. आपल्याकडचे जुने आरसी बुक, कराच्या पावत्या आणि गाडीवरची, कारखान्याने दिलेला क्रमांक असलेली पाटी आजच एका ठिकाणी सुरक्षित ठेवा. ती पाटी सफाईत घासली जाऊ देऊ नका. प्रत्येक कापलेल्या भागाचे आधीचे आणि नंतरचे छायाचित्र तारखेसह ठेवा, म्हणजे झाली ती दुरुस्ती होती, बदल नव्हे, हे दाखवता येईल. काम सुरू करण्यापूर्वी आपल्या आरटीओत लेखी विचारून लेखी उत्तर घ्यावे.

ब्रेकविषयी थोडक्यात सांगतो. मायनरचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, तळाच्या आतल्या आडोशात असतो, म्हणजे पुराच्या पाण्यात तो बुडालेला होता. तो, चाकांचे सिलिंडर, रबरी नळ्या आणि लोखंडी नळ्या सगळे नवे घालावे. जुन्यापैकी काही वाचवू नये. पुढच्या चाकांच्या फिरत्या सांध्यांमध्ये ग्रीस नसेल तर ते झिजून चाक कोलमडते, म्हणून तेही उघडून पाहावे. आणि नवी बॅटरी लावताना या गाडीत धन टोक बॉडीला जोडलेले असते, हे मेकॅनिकला आठवणीने सांगावे.

आपल्या पत्रात आपण जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्यात भरलेल्या जुन्या गाड्यांच्या मोठ्या प्रदर्शनाचा उल्लेख केला आहे आणि वडील तेथून परतल्यापासून याच गाडीचे बोलतात, असे लिहिले आहे. त्या गाड्यांची चकाकी डोळ्यांपुढे ठेवून आपण आपल्या गाडीकडे पाहू नये, अशी माझी विनंती आहे. अशा स्पर्धांमध्ये मूळ रंगासह जपलेल्या, न रंगवलेल्या गाड्यांसाठी वेगळा विभागही असतो, कारण जुनी खरी कातडी एकदा घासली की पुन्हा मिळत नाही. आपल्या गाडीचा डॅशबोर्ड, त्यावरचे घड्याळासारखे गोल मीटर आणि दारांच्या आतली बाजू छायाचित्रांत बरी दिसते. ती तशीच राहू द्या. पैसा उंबरठ्यात आणि तळात घाला.

बंधूंना भंगाराचा विचार का सुचला, ते मी समजू शकतो. बावीस वर्षे उभी असलेली गाडी आणि वर पुराचा चिखल पाहिला की दूर राहणाऱ्या माणसाला तेच शहाणपणाचे वाटते. त्यांना वर सांगितलेल्या फटीच्या चाचणीचे आकडे पाठवा आणि टप्प्याटप्प्याच्या खर्चाचा अंदाज पाठवा. आकडे पाहून त्यांचे मत कदाचित बदलेल, आणि नाही बदलले तरी त्यांना निर्णयात घेतल्यासारखे होईल.

सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी गाडी चालवू नका, पण ती शेडमध्ये झाकूनही ठेवू नका. तोपर्यंत ती धुऊन, बांधून, आडव्या पाइपांसह घोड्यांवर उभी असेल, कदाचित एका बाजूचा नवा उंबरठाही बसलेला असेल. बैठकीखाली भक्कम फळ्या टाकून, हुड मागे दुमडून, वडिलांना चालकाच्या जागी बसवा. दाराला लावलेल्या पाइपमुळे त्यांना चढणे जमणार नाही, म्हणून त्या बाजूची फुली नटबोल्टने बसवायला डेंटरला आताच सांगा, म्हणजे तेवढ्या तासासाठी ती काढता येईल. मात्र ती काढण्यापूर्वी मधल्या भागाखाली, भक्कम जागी, घोड्या लावलेल्या असाव्यात.

येत्या रविवारी फटीची चार मापे घ्या: चालकाच्या दाराची मागची फट वर आणि खाली, रिकाम्या गाडीत आणि दोन माणसे बसल्यावर. ती मिलिमीटरमध्ये मला कळवा. त्यावरून क्रॉस मेंबरला हात लावावा लागेल की नाही, याचे उत्तर मी पुढच्या अंकात देईन.